उंदराचे घड्याळ

आमच्या घरात भिंतीवरची घड्याळे दोन. त्या दोघांचे एकमेकांशी कधी पटत नाही. दिवाणखान्यातले सात मिनिटे पुढे असते, कारण मला कॉलेजात वेळेवर पोहोचायचे असते. स्वयंपाकघरातले पाच मिनिटे मागे असते, कारण सौभाग्यवतींना त्याची पर्वा नसते. तिसरे घड्याळ मात्र अचूक आहे. ते भिंतीवर नसून माजघरातल्या खाटेवर झोपते. ते म्हणजे माझी आई.

पहाटे तीन वाजले की आईचा डोळा उघडतो. गजर नाही, कोंबडा नाही, कुणी हाक मारलेली नाही. श्रावणातली झड असो की पौषातला गारठा असो, तीन म्हणजे तीन. आणि डोळा उघडल्यावर स्वस्थ पडून राहणे तिला ठाऊक नाही. ती अंथरुणाची घडी घालते, न्हाणीत बादली सरकवते, चहाचे भांडे शोधताना इतर चार भांडी पाडते आणि मग अंगण झाडायला घेते. तीन वाजता झाडलेल्या अंगणात सहा वाजेपर्यंत लिंबाची पाने पुन्हा पडतात. म्हणून सहा वाजता ती ते पुन्हा झाडते.

मी मराठीचा प्राध्यापक. रात्री एक वाजेपर्यंत पुस्तक घेऊन जागणे हा मी विद्वत्तेचाच एक भाग समजतो. म्हणजे मी निजल्यावर दोन तासांनी आईचा दिवस सुरू होतो. इतकी वर्षे हे कसेबसे निभावले. पण गेल्या वर्षी चिरंजीव बारावीला आले, आणि बारावीचा मुलगा ज्या घरात असतो त्या घराला काय रूप येते ते मी वाचकांना सांगायला नको. गणपतीच्या दिवसांतल्या एका पहाटे तांब्या फरशीवर पडला, चिरंजीव दचकून उठले आणि माझा तोल गेला.

‘आई, आता तुला कुठं उसाच्या फडात जायचंय? सगळ्या घराची झोपमोड करतेस. सहापर्यंत पडून राहत जा ना!’

आई एवढेच म्हणाली, ‘बरं.’

दुसऱ्या दिवसापासून घरात पहाटे चिटपाखराचाही आवाज नाही. ‘बघ, नीट सांगितलं की माणूस ऐकतं,’ असे मी सौभाग्यवतींना मोठ्या ऐटीत सांगितलेसुद्धा. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा माझे काहीतरी चुकलेले असते, हे वीस वर्षांच्या संसारात मला कळायला हवे होते.

‘उसाच्या फडात’ हे शब्द मी उगाच वापरले नव्हते. आम्ही मूळचे धारूर तालुक्यातले. बालाघाटाच्या डोंगरातली ती मुरमाड जमीन पावसाच्या भरवशावर जेमतेम खरीप देते. मग दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली माणसे लाखांनी घराला कुलूप लावतात आणि ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे माणसे म्हणत नाहीत, ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि चैत्राच्या आसपास हंगाम संपेपर्यंत ती अंगावरून फेडायची. उसाच्या पाचटाची कोपी हे घर. पहाटे तीनला उठायचे, भाकरी थापायच्या, अंधारातच फड गाठायचा. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. आणि भरायची गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून भरायची. माझ्या आईवडिलांनी हे सत्तावीस हंगाम केले. वडील गेले तेव्हा मी आईला अंबाजोगाईला घेऊन आलो. त्याला अकरा वर्षे झाली. कोयता माळ्यावर गंजला. पण तीनचा ठोका गंजला नाही.

आता मी वाचकांना जरा शेजारी नेतो. आमच्या शेजारचे गृहस्थ प्राणिशास्त्रातले आहेत. औषधनिर्माणाच्या एका महाविद्यालयात प्रयोगासाठी पाळलेले उंदीर त्यांच्या देखरेखीखाली असतात, आणि त्या उंदरांच्या दिनक्रमाचा अभ्यास हा त्यांचा ध्यास आहे. गल्लीत त्यांना सारे ‘मूषकसर’ म्हणतात. गणपतीत आरतीचा पहिला मान आम्ही त्यांनाच देतो, कारण वाहनाची व्यवस्था त्यांच्याकडे आहे!

आश्विनातल्या एका संध्याकाळी ते म्हणाले, ‘सर, आज साडेसहाला चला. आमच्या मंडळींची सकाळ बघा.’

गेलो. बाहेर चपला काढून आतल्या चपला घालायच्या, अंगात पांढरा झगा चढवायचा, तोंडाला पट्टी बांधायची. लग्नातल्या नवरदेवाला नसतील एवढे सोपस्कार. आत मांडणीवर ओळीने पेट्या. तळाला भुसा, वर तारेची जाळी, जाळीत खाद्याच्या गोळ्या नि पाण्याची उपडी बाटली. प्रत्येक पेटीत एक चाक. वास म्हणाल तर जुन्या धान्याच्या कणगीसारखा. खोलीला एकही खिडकी नव्हती. दिवे सकाळी सातला आपोआप लागत, संध्याकाळी सातला विझत. पांढरेशुभ्र उंदीर भुश्यात निजलेले होते, नाक पोटात खुपसून. हालचाल म्हणाल तर पाठीवरची केसभर थरथर.

सात वाजले. दिवे गेले. मूषकसरांनी मंद तांबडा दिवा लावला. तांबडा प्रकाश उंदरांना फारसा दिसत नाही. पाच मिनिटे गेली असतील नसतील, एका कोपऱ्यात बारीक कुरकुर सुरू झाली. मग दुसरीकडे. मग सगळीकडे. थोड्या वेळाने खोलीभर चाकांचा असा काही आवाज चालला, की मला आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीची आठवण झाली. ‘रात्रभर चालेल हे,’ मूषकसर म्हणाले. ‘एकेक पठ्ठ्या एका रात्रीत काही किलोमीटर धावतो. जातो मात्र कुठंच नाही.’

‘आमच्या सेमिनारांसारखं,’ मी म्हणालो.

‘पिंजऱ्यात कोंडले म्हणून वेड्यासारखे धावत असतील,’ ही शंका मी काढलीच. त्यावर त्यांनी हॉलंडमधली एक मजेची गोष्ट सांगितली. लायडनच्या संशोधकांनी अशी चाके उघड्यावर, झाडाझुडपांत नेऊन ठेवली. कुणी बोलावले नाही, कुणी कोंडले नाही. तरी रानातले उंदीर येऊन चाकावर चढले आणि धावून निघून गेले. बेडूक चढले, गोगलगायीची भावंडेसुद्धा चढली. हे 2014 साली प्रसिद्ध झाले. धावण्याची हौस जिवंतपणाचीच असावी.

पण मूषकसरांचा मुद्दा वेगळा होता. ‘दिवा विझला म्हणून उंदीर उठला, यात नवल नाही,’ ते म्हणाले. ‘दिवा लावलाच नाही तर?’

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीपासूनचा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला कर्ट रिक्टर नावाचे संशोधक होते. 1922 साली त्यांनी उंदरांच्या हालचालींवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि पुढचे सारे आयुष्य ते उंदरांच्या चाकांचे फेरे मोजत राहिले. उंदराला सतत अंधारात ठेवा. सूर्य नाही, दिवा नाही, वेळ सांगणारे काही नाही. तरी तो ठरल्या वेळी उठतो, ठरल्या वेळी निजतो. फक्त त्याचा दिवस चोवीस तासांचा राहत नाही. मूषकसरांच्या पांढऱ्या उंदरांचा दिवस चोवीस तासांहून जरासा आखूड असतो. त्यामुळे अंधारातला उंदीर आज ज्या वेळी उठला त्याच्या काही मिनिटे आधी उद्या उठतो, परवा त्याहून आधी. त्यांनी मला त्याचा कागद दाखवला. एकेका दिवसाची एकेक ओळ, एकीखाली एक. धावण्याच्या काळ्या खुणा दर दिवशी थोड्या डावीकडे सरकत गेलेल्या. समास न आखता लिहिलेल्या वहीसारख्या. जिथे दिवा लागत-विझत होता तिथे मात्र त्या खुणा सरळ उभ्या, जणू कुणी पट्टी धरली आहे.

‘म्हणजे घड्याळ आतलंच,’ ते म्हणाले. ‘बाहेरचा उजेड ते चालवत नाही, रोज थोडं लावून देतो इतकंच.’

दिवाणखान्यातले आमचे घड्याळ मला आठवले. तेही आपल्या मनाने चालते. मी दर रविवारी रेडिओवर ते लावतो.

हे आतले घड्याळ असते कुठे? रिक्टर यांनी उंदराच्या ग्रंथी एकामागून एक काढून पाहिल्या, तरी ठोका चुकेना. शेवटी 1972 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे ते शोधले. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या नेमके वर पेशींचे दोन ठिपके आहेत. दोन्हींत मिळून सुमारे वीस हजार पेशी. आकार मोहरीहून लहान. ते नष्ट केले की उंदराला ना दिवस ना रात्र; तो वाटेल तेव्हा झोपतो, वाटेल तेव्हा धावतो. पुढे 1988 साली हॅमस्टर या उंदराच्या जातभाईंत असे काही जन्मजात आढळले, की ज्यांचा दिवस वीसच तासांचा होता. आणि 1990 साली तर कमाल झाली. ज्याचे घड्याळ काढून टाकले आहे अशा हॅमस्टरच्या मेंदूत दुसऱ्याच्या गर्भातला तो ठिपका बसवला. त्याचा दिनक्रम परत आला; पण आला तो ज्याचा ठिपका त्याच्या वेळेने! उसन्या घड्याळात वेळ मालकाचीच असते.

‘हे चाक काढून घेतलं तर?’ निघता निघता मी सहज विचारले.

‘तर काय? उंदीर त्याच वेळी उठणार. पाणी पिईल, भुसा उकरेल, नुसता इकडंतिकडं फिरेल. चाक हे आपल्याला आवाज यावा म्हणून. ते काढलं म्हणून आतलं थांबत नाही.’

मला तेव्हा काही सुचले नाही. पण झगा उतरवताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी घरी बरोबर घेऊन आलो.

ही गोष्ट आपल्या देशातली, मदुराईची. तिथल्या विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी सजीवांच्या घड्याळांच्या अभ्यासाची मोठी शाळा उभी केली. वटवाघळे, खारी आणि शेतात बिळे करून राहणारा चिमुकला उंदीर हे त्यांचे विद्यार्थी. एन. विश्वनाथन आणि ते, या दोघांनी 1985 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेतातल्या या उंदरांची पिल्ले त्यांनी अशा जागी ठेवली, जिथे उजेड-अंधाराचा फेर नाही. फक्त एक गोष्ट केली. आईला बारा तास पिल्लांजवळ ठेवले, बारा तास दूर केले. रोज. पिल्लांची घड्याळे लागली ती त्या येण्याजाण्यावर. सूर्य नव्हता तिथे पिल्लांनी आईच्या असण्यानसण्यालाच दिवस आणि रात्र मानले.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक वाजता पुस्तक मिटले, दोन वाजले, अडीच वाजले. साडेतीनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. चिरंजीवांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता भिंतीला हात लावत माजघरातून चाललो होतो. खाटेजवळ थबकलो. खाटेवर कुणीतरी बसलेले होते.

अंथरुणाची घडी घातलेली. त्या घडीला टेकून आई, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावरून पदर घेऊन, अंधारात नुसती बसलेली होती.

‘काय झालं? बरं वाटत नाही का?’

‘काय न्हाई रे. नीज तू.’

‘मग अशी का बसलीस?’

‘डोळाच लागना तर काय करू? पडून ऱ्हायलं की कूस दुखती. बसते जरा. सा वाजले की उठते.’

‘रोज?’

तिने उत्तर दिले नाही. मग म्हणाली, ‘पोराची परीक्षा हाय.’

गणपतीपासून आश्विनापर्यंत, एक महिन्याच्या वर झाले होते. रोज तीन तास. मी तिचे चाक काढून घेतले होते आणि आवाज थांबला म्हणून ऐटीत होतो.

मी खाटेच्या कडेला बसलो. काय बोलावे ते सुचेना, तेव्हा शिकलेला माणूस जे करतो तेच मी केले. नुकतीच मिळालेली माहिती सांगू लागलो. हळू आवाजात तिला मदुराईच्या उंदरांची गोष्ट सांगितली. पिल्ले, बंद खोली, बारा तास आई, बारा तास नाही. मला वाटले होते ती हसेल. ती हसली नाही.

‘त्येला कामून एवढा खटाटोप?’ ती म्हणाली. ‘मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’

‘काय सांगितलं असतंस?’

‘तू दीड वर्साचा व्हतास. कोपीत तुला अक्काजवळ ठिवून जायचे. ती तरी केवढी, सात वर्साची. अंधारात जायचे अन् अंधारात यायचे. अक्का म्हणायची, माय, ह्यो दिसभर नुसता निजतो. अन् मी आले की तू टक्क जागा. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, नुसता मांडीवर खेळायचा. तुझा बाप कावायचा. म्हणायचा, ह्या लेकराला दिस अन् रात कळंना.’ जरा थांबून ती म्हणाली, ‘मला कळायचं. तुझा दिस मीच व्हते.’

बाहेर रस्त्यावरून एक जड गाडी गेली. खिडकीची काच थरथरली.

‘मग तुला झोप कधी मिळायची?’ हा प्रश्न मी आयुष्यात प्रथमच विचारला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

‘मिळायची की,’ ती म्हणाली. ‘पाऊसकाळात.’

दुसऱ्या दिवशी मी हे मूषकसरांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शास्त्रज्ञाला शोभेल असे उत्तर दिले. ‘सर, माणसाचं मूल म्हणजे उंदराचं पिल्लू नव्हे. एका मुलावरून सिद्धान्त होत नाही, आणि तुमच्या त्या मुलाची नोंदवहीही नाही. आजींच्या तीनच्या ठोक्याचं म्हणाल, तर वय झालं की झोप अलीकडं सरकते, हेही धरायला हवं. त्या निजतात किती वाजता?’

‘आठला.’

‘मग!’ असे म्हणून ते निघाले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, ‘पण आजींना सांगा, निरीक्षण पक्कं आहे.’

मी ते सांगितले. आईला ‘निरीक्षण’ म्हणजे काय ते विचारावे लागले, पण ती खूश झाली.

घरात काही फार मोठी क्रांती झाली नाही. चिरंजीवांची खाट वरच्या खोलीत नेली, एवढेच. हे गणपतीतही करता आले असते; पण माणसाला पलंग हलवण्यापेक्षा आईला हलवणे सोपे वाटते. खाली स्वयंपाकघर, न्हाणी आणि अंगण पहाटे तीनपासून आईच्या ताब्यात गेले. पहिल्याच पहाटे तांब्या पडला. मी अंथरुणात कूस बदलली आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपलो.

मग दिवाळी आली. अख्ख्या वर्षात एकच पहाट अशी असते, की सारा महाराष्ट्र माझ्या आईच्या घड्याळावर चालतो. नरकचतुर्दशीला अंधारात उठायचे, तेल-उटणे लावून घ्यायचे, उजाडायच्या आत न्हाऊन घ्यायचे. एरवी सातला न उठणारी घरे त्या दिवशी चारला जागी होतात आणि त्याला सण म्हणतात. त्या दिवशी आईला घाई नसते, तिला कुणी उठवत नाही. तीच साऱ्यांना उठवते.

मी मात्र त्या पहाटे तिच्याही आधी उठायचे ठरवले होते. अडीचचा गजर लावला. अंगणात आलो तर बंब पेटलेला. आई पुढे बसून त्यात लाकडे सारत होती.

‘आज तर तीनसुद्धा वाजले नाहीत,’ मी म्हणालो.

‘गाड्या निघाल्या,’ ती म्हणाली. ‘आवाज आला अन् जाग आली.’

मी फाटकापाशी गेलो. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते, एकामागे एक. सण पुरता व्हायची वाट न बघता मुकादमाने टोळी उचलली होती. मागच्या ट्रॉल्यांत गाठोडी, भांडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी, आणि या साऱ्यावर गोधड्यांत गुंडाळलेली माणसे. दिव्याच्या उजेडात एक बाई दिसली. तिच्या मांडीवर मूल होते आणि ते टक्क जागे होते. आमच्या दारातल्या आकाशकंदिलाकडे बघत होते.

लहानपणी मी आईला ‘माय’ म्हणत असे. शिकायला शहरात आलो, नोकरी लागली, आणि केव्हातरी मी ‘आई’ म्हणू लागलो. कुणी सांगितले नव्हते. आतले घड्याळ बाहेरच्या उजेडाला लावून घेतले होते, इतकेच.

शेवटची ट्रॉली वळणावर दिसेनाशी झाली. मी परत येऊन बंबाजवळ उकिडवा बसलो.

‘माय,’ मी म्हटले, ‘पाणी तापलं का?’

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग हातावर तेल घेतले आणि म्हणाली, ‘सरक हिकडं.’